बाटली फिरती ठेवा

सोडावॉटरचा कारखाना बंद होतो तेव्हा बिडाची यंत्रं आणि काचेच्या बाटल्या एकाच टेम्पोत चढतात. दोन्ही वजनावर जातात. यंत्राला निदान लोखंडाचा भाव येतो. बाटल्या पोत्यात भरतानाच निम्म्या फुटतात, उरलेल्या जागा कमी लागावी म्हणून मुद्दाम फोडल्या जातात, आणि काही दिवसांत कुठल्या तरी भट्टीत त्यांची नवी काच होते. त्या बाटल्यांच्या अंगावर मालकाचं आडनाव असतं, गावाचं नाव असतं, ‘एरेटेड वॉटर’ अशी उठावाची अक्षरं असतात. बिलं वाळवीने खाल्लेली, दुकानाची पाटी दोनदा रंगवून बदललेली. गावातल्या एका धंद्याचा टिकाऊ पुरावा म्हणावा असा काचेचा हा एकच तुकडा उरलेला असतो आणि तोच आपण किलोच्या भावाने घालवतो.

हे थांबवायला हवं. मी बोलतोय ते गोटीच्या सोड्याबद्दल, आणि त्याच्याबरोबर त्या छोट्या कारखान्यांतून निघणाऱ्या जिंजर, लेमन, रासबेरी, आइस्क्रीम सोड्याबद्दलही. महाराष्ट्रात आजही हे कारखाने चालू आहेत. एखाद्या पेठेच्या गल्लीत, एसटी स्टँडच्या मागे, बाजारपेठेच्या टोकाला. पण मालक साठीच्या पुढे गेलेला, मुलगा दुसऱ्या नोकरीला लागलेला आणि बाटल्या दर उन्हाळ्यात थोड्या कमी झालेल्या, असं चित्र अनेक ठिकाणी आहे. अजून वेळ गेलेली नाही, म्हणूनच आत्ता लिहितो आहे.

ही बाटली एकदा नीट हातात घेऊन बघा. काच जाड आणि हिरवट. ती झाक वाळूतल्या लोहामुळे येते. मान दोन ठिकाणी आत दाबलेली, त्या आवळ्याच्या वर एक छोटी खोली, खोलीत काचेची गोटी, आणि तोंडाच्या आतल्या खाचेत रबरी वायसर. बाटली गॅसच्या पाण्याने भरून उलटी केली की गोटी आपल्या वजनाने तोंडाशी येते. मग आतला गॅसच तिला वायसरवर दाबून धरतो. बूच नाही, पत्र्याचं झाकण नाही. जो गॅस बाहेर पडायला धडपडतो तोच दार लावून घेतो. बाटली उघडायला लाकडी दट्ट्या गोटीवर ठेवायचा आणि वरून तळहाताचा एक ठोका द्यायचा. मानेवर एका बाजूला दोन खोलगट खुणा असतात. ओतताना ती बाजू खाली धरली तर गोटी त्या खुणांवर अडकून बसते आणि सोडा वाहत राहतो. चुकीच्या बाजूने धरली तर गोटी घरंगळून धार बंद करते. वीज नाही, प्लास्टिक नाही, फेकून द्यायचा एकही भाग नाही. वायसर झिजला तर तो बदलायचा आणि बाटली पुन्हा कामाला लावायची.

हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये या बाटलीचं पेटंट घेतलं. तोवर गॅसच्या पाण्याला कॉर्कचं बूच लागायचं. कॉर्क सुकला की आकसतो आणि गॅस निसटतो, म्हणून बूड गोल असलेल्या बाटल्या मुद्दाम बनवत, त्या उभ्या राहूच नयेत आणि कॉर्क कायम ओला राहावा यासाठी. कॉडने ही सगळी कटकट एका गोटीत संपवली. बार्न्सलीच्या रायलंड्स यांच्या काचकारखान्याशी त्याने भागीदारी केली आणि तिथल्या बाटल्या साम्राज्यभर गेल्या. आपल्याकडच्या जुन्या बाटल्यांवर आजही ‘डॅन रायलंड्स’ हे नाव सापडतं. कॉड १८८७ मध्ये वारला. पुढे पत्र्याची बुचं आली आणि त्याच्या स्वतःच्या देशातून ही बाटली रोजच्या वापरातून गेली. आता तिथले लोक जुन्या उकिरड्यांच्या जागा खणून ती शोधतात आणि कपाटात मांडतात. आपल्याकडे मात्र तिच्यात परवा भरलेला सोडा आज कुणीतरी पितं आहे. हा फरक फार मोलाचा आहे. आपल्याला काही खणून काढायचं नाही, जे चालू आहे ते बंद पडू द्यायचं नाही, एवढंच.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी हा सोडा भरताना पाहिला. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली. मधोमध लोखंडी चौकट, तिला जाळीचं आवरण, बाजूला फिरवायचं चाक. मालकांनी उजव्या हाताला गोणपाट गुंडाळलं, दोन बाटल्या चौकटीत बसवल्या, जाळी ओढली आणि चाक फिरवलं. पाणी आत शिरल्याचा फुसकारा, बाटल्या उलट्या होतानाची घरघर आणि मग दोन्ही गोट्या वायसरवर बसल्याचा टण् असा आवाज. गोणपाट आणि जाळी कशाला, हे विचारावं लागलं नाही. भिंतीवर काच उडून बसलेल्या खुणा होत्या. पाणी बर्फात गार करून घेतलेलं, कारण गार पाण्यात गॅस जास्त मुरतो. एकेक बाटली उजेडासमोर धरून ते मानेपाशी तडा आहे का बघत होते. तडा दिसला की बाटली कायमची बाजूला.

“काका, नवीन बाटल्या घेत नाही का?” मी विचारलं.

“मिळतात की. पण वडलांच्या बाटलीसारखी जाड काच नाही येत. आणि शहरातनं लोक येतात, बाटलीला तीनशे देतो म्हणतात, हॉटेलात शोभेला लावायला. मोह होतो हो. पण बाटली विकली तर मी भरू कशात?”

हा प्रश्न मला जुन्या वस्तू जमवणाऱ्या प्रत्येकापुढे ठेवायचा आहे, कारण मीही त्यांच्यातलाच आहे. संग्रहाची आवड चांगली. त्या आवडीनेच कितीतरी गोष्टी वाचल्या आहेत. पण ज्या बाटलीत अजून सोडा भरला जातोय ती विकत घेऊन कपाटात ठेवणं म्हणजे वाचवणं नव्हे. शंभर बाटल्यांवर चालणाऱ्या माणसाच्या वीस बाटल्या काढून घेतल्या तर त्याचा धंदा त्या उन्हाळ्यात निभत नाही. मग उरलेल्या ऐंशी आपोआप पोत्यात जातात. संग्राहकांनी एक पथ्य ठरवून घ्यावं: फिरती बाटली घ्यायची नाही. मान तडकलेली, तोंडाची कड उडालेली, बंद पडलेल्या कारखान्यातली, अडगळीत सापडलेली, या घ्या, जितक्या मिळतील तितक्या घ्या. मालकाने स्वतःहून कामाची बाटली देऊ केली तर तिच्या बदल्यात त्याला दोन नव्या आणून द्या.

आणि घेतलेल्या बाटलीची माहिती लिहून ठेवा. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी गेलात तर चादरीवर मांडलेल्या मालात एखादी गोटीची बाटली दिसतेच. विकणारा ‘इंग्रजांच्या काळातली’ म्हणतो, कारण तसं म्हटलं की भाव चढतो. नव्या बाटल्यांना माती चोळून जुन्या म्हणून विकणारेही आहेत. काचेत अडकलेले बुडबुडे, साच्याची शिवण कुठपर्यंत येते ते, अक्षरांची झिजलेली कड, वर्षानुवर्षं क्रेटमध्ये घासून पोटावर उठलेला पांढरट पट्टा, हे सगळं बघा. तो पट्टा ही बाटलीच्या नोकरीची नोंद आहे. ॲसिडने घासून तो घालवू नका. आणि विकणाऱ्याला ती कुठून आली ते विचारा. ‘भोरच्या एका वाड्यातून’, ‘मिरजेच्या बंद दुकानातून’ असं मोघम उत्तर आलं तरी ते कागदावर लिहून बाटलीत सारा. गाव हरवलेली बाटली दिसायला सुंदरच असते, पण तिच्याकडून पुढच्या पिढीला काही कळणार नाही.

मुंबई-पुण्यात हा धंदा मोठा केला तो पारशी आणि इराणी मंडळींनी. मुंबईचं पालनजी १८६५ चं. बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानिया उपाहारगृहात बेरी पुलावाबरोबर मागवली जाते ती त्यांचीच रासबेरी. पुण्याच्या कॅम्पातलं अर्देशिर अँड सन्स १८८४ चं. १८८९ मध्ये दिनशा पंडोल यांनी मुंबईत ड्यूक सुरू केलं. ते क्रिकेट खेळणारे, आणि ज्या विलायती चेंडूने गोलंदाजी करत त्या चेंडूचं नाव त्यांनी पेयाला दिलं असं सांगतात. ड्यूकचा मँगोला आणि लेमोनेड आठवणारी माणसं आजही अनेक घरांत आहेत. पारशी लग्नाच्या भोण्यात, म्हणजे जेवणात, रासबेरी नसेल तर पंगत अपुरी मानत. गावोगावी मात्र हा धंदा सगळ्या जातीधर्मांच्या माणसांनी केला, आणि त्यांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. ती फक्त बाटल्यांवर आहेत.

एकेक नाव कसं गेलं ते आपण पाहिलं आहे. १९७७ मध्ये कोका-कोला देश सोडून गेली आणि पार्ले कंपनीच्या थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉटला मैदान मोकळं मिळालं. गोल्ड स्पॉटच्या बुचाच्या आतली जंगल बुकची चित्रं जमवणारी पिढी आता पन्नाशीत आहे. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली आणि पार्लेचे हे ब्रँड तिने विकत घेतले. गोल्ड स्पॉट पुढे बंदच झालं. १९९४ मध्ये ड्यूक पेप्सीकडे गेलं. मोठ्या कंपन्यांचा निर्णय कुठल्या तरी मोठ्या कचेरीत होतो, त्यात आपण काही करू शकत नव्हतो. तालुक्याच्या कारखान्याचं तसं नाही. तो चालावा की बंद पडावा हे बऱ्याच अंशी त्याच गावातल्या खानावळी, पानपट्ट्या, मंगल कार्यालयं आणि गिऱ्हाइकं ठरवतात.

खरा घाव घातला तो प्लास्टिकच्या बाटलीने. तिचं वजन नाही, ती परत घ्यायची नाही, रिकाम्या बाटलीला दुकानात जागा द्यायची नाही. दुकानदाराची सोय झाली, आणि ओढ्या-नाल्यांत, घाटांच्या दरडींवर, किल्ल्यांच्या पायथ्याला त्या सोयीचा ढीग लागला. २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत पेट बाटल्या परत विकत घेण्याची, त्यांच्यावर परतीची किंमत छापण्याची तरतूद सरकारने केली होती. तुमच्या गल्लीतल्या दुकानदाराने अशी बाटली पैसे देऊन परत घेतल्याचं तुम्ही पाहिलं आहे का? आणि जो सोडावाला गेली पन्नास-साठ वर्षं कुठल्याही अधिसूचनेशिवाय आपली प्रत्येक बाटली मोजून परत नेतो, धुतो, भरतो, त्याच्या पाठीशी मात्र कुणी उभं नाही.

उलट त्याच्यावर कर आहे तो बहुराष्ट्रीय कंपनीएवढाच. जीएसटी आल्यापासून गोड आणि स्वादाच्या वायूयुक्त पेयांवर २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो सरळ ४० टक्के झाला. त्याच फेरबदलात साध्या, स्वाद नसलेल्या सोड्यावरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, ही चांगली गोष्ट. पण त्याच बाटलीत आल्याचा किंवा लिंबाचा अर्क आणि साखर पडली की पुन्हा चाळीस. छोट्या व्यावसायिकांसाठी असलेली कंपोझिशन योजना या उत्पादकांना १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे. याचा सरळ अर्थ असा की उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली ठेवून जगायचं, आणि धंदा जरा वाढला की एकदम चाळीस टक्क्यांच्या खाली चिरडून जायचं. मुलगा धंद्यात का येत नाही, याचं उत्तर इथे आहे. काचेची बाटली परत घेऊन पुन्हा भरणाऱ्या लहान उत्पादकाला कंपोझिशन योजनेत परत घ्या आणि त्याचा दर वेगळा ठेवा, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांपर्यंत गेली पाहिजे. करखात्याच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ असेल. त्या माणसाच्या दृष्टीने सगळा प्रश्न तिथेच आहे.

जपानचं उदाहरण घ्या. अलेक्झांडर सिम या स्कॉटिश माणसाने १८८४ मध्ये कोबे बंदरात गोटीच्या बाटलीतलं लेमोनेड आणलं. तिथे त्याला रामुने म्हणतात. जपानने ते छोट्या उद्योगांचं क्षेत्र मानून मोठ्या कंपन्यांपासून राखलं. आज उन्हाळी जत्रांमध्ये रामुने लागतंच, आणि ते परदेशांतल्या दुकानांतही मिळतं. आपल्याही जत्रा काही कमी नाहीत. खंडोबाची, म्हसोबाची, भैरोबाची, दर गावाला एक आहे, आणि सोड्याच्या गाडीशिवाय जत्रा भरल्याचं जुन्या माणसांना आठवत नाही. जत्रेत गाडी लावायला जागा देताना पंचायतीने पहिला हक्क गावच्या सोडावाल्याला दिला तर त्यासाठी कुठला नवा कायदा लागणार नाही.

एक आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिलंच पाहिजे: ही बाटली नीट धुता येत नाही. आवळ्याच्या खाली जाड ब्रश जात नाही, हे बरोबर. पण लवचीक बारीक ब्रश, गरम पाणी, धुण्याचा सोडा आणि दाबाच्या पाण्याची धार यांनी ती स्वच्छ होते. भरायचं पाणी शुद्ध हवं आणि वायसर वेळच्या वेळी बदलायला हवा. काही मालक हे मन लावून करतात, काही करत नाहीत. न करणाऱ्यांना सवलत द्या असं मी म्हणत नाही. अन्न सुरक्षेचा परवाना नसेल तर तो घ्यायला लावा, पण त्यासाठी गावातल्या कुणा शिकलेल्या मुलाने फॉर्म भरून द्यावा, पाण्याच्या तपासणीचं काम करून द्यावं. नगरपालिकेने दंडाची पावती फाडण्याआधी एकदा धुण्याची टाकी बसवायला मदत करून बघावी. साखरेचं म्हणाल, तर लिंबू पिळून काळं मीठ घातलेल्या साध्या सोड्यात ती नसतेच, आणि जेवण जड झाल्यावर आपल्याकडे लोक मागतात तोही हाच सोडा.

दंगलीत सोडावॉटरच्या बाटल्या फेकल्या जायच्या, दंगा पेटला की पोलीस आधी ती दुकानं बंद करायला लावायचे, हेही खरं आहे. त्या बदनामीने काही गावांत हा धंदा कायमचा उठला. दगडांनीही दंगली झाल्या आहेत. दंगल करणाऱ्या माणसांचं पाप बाटलीच्या माथी मारणं मला कधीच पटलं नाही.

काचेचं आणि महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. तळेगाव दाभाड्याला १९०८ मध्ये पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला, तो लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून. टिळकांचा पाठिंबा त्याला होता. अंताजी दामोदर काळे त्यासाठी गावोगाव फिरले. १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला आणि कऱ्हाडजवळ ओगलेवाडी नावाचं गावच त्याच्याभोवती उभं राहिलं. तिथला प्रभाकर कंदील घराघरांत गेला. ज्या लोकांनी पैसा-पैसा जमवून काचेची भट्टी पेटवली त्यांच्या नातवंडा-पतवंडांना गावच्या एका सोडा कारखान्यासाठी पाचशे नव्या बाटल्या वर्गणीतून घेऊन देणं जड जाऊ नये. गणेश मंडळं यापेक्षा कितीतरी मोठी वर्गणी काढतात. एखाद्या मंडळाने यंदा हे करावं, आणि बाटल्यांवर मंडळाचं नाव न घालता कारखान्याचं जुनं नाव तसंच ठेवावं.

संग्रहालयांनाही सांगणं आहे. दिनकर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे जमवले तेव्हा अशा वस्तूंना संग्रहालयात जागा असते असं फार थोड्यांना वाटत होतं. आज राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहायला जगभरातून माणसं येतात. जिल्ह्याच्या प्रत्येक संग्रहालयात, वाचनालयाच्या एखाद्या कपाटात, शाळेच्या वर्गात त्या-त्या जिल्ह्याच्या सोडा कारखान्यांच्या बाटल्या असाव्यात: गाव, मालक, काळ, चव अशी चिठ्ठी लावून. शाळांनी नववीच्या मुलांना हा प्रकल्प द्यावा. आजोबांना विचारा, दुकान कुठे होतं, एका बाटलीला किती पैसे पडायचे, गाडी कोण ओढायचं. आजोबा आहेत तोवर हे विचारता येईल.

आणि कारखाना चालवणाऱ्या मालकांना हात जोडून विनंती. धंदा बंद करायचं ठरलंच तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी चार दिवस गावात सांगा. प्रत्येक साच्याची एकेक बाटली वेगळी काढा. लेबलं, बिलबुकं, अर्कांचं प्रमाण लिहिलेली वही फेकू नका. त्या वहीतलं जिंजरचं माप तुमच्या घराबाहेर कुणालाच माहीत नाही. यंत्र विकायचं असेल तर आधी शेजारच्या तालुक्यातल्या सोडावाल्याला विचारा; त्याला त्याचं चाक किंवा झडप हवी असेल.

बाकीच्यांनी करायचं ते सोपं आहे. जेवायला गेलात की खानावळीत गावचा सोडा मागा, तो नसेल तर का नाही ते विचारा, आणि प्यायलेली बाटली गोटीसाठी न फोडता परत करा. येत्या लग्नसराईत घरी कार्य असेल तर आचाऱ्याशी पदार्थ ठरवता त्याच बैठकीत सोड्याचंही ठरवा. पंगतीनंतर प्रत्येकाला एक, एवढा हिशेब करून सोडावाल्याला पंधरा दिवस आधी सांगा, कारण मे महिन्यात त्याच्याकडच्या बाटल्या फिरून यायला वेळ लागतो. थोडी रक्कम आगाऊ द्या. रिकाम्या बाटल्या गोळा करायला मांडवात दोन मुलं उभी करा, आणि मोजून, क्रेटमध्ये भरून, त्याच दिवशी पोचत्या करा.